तू सहा दिवस मागितले होतेस

मधू,

मंडळवाले तुझ्यावर एक पुस्तिका काढतायत. परवा दोघेजण स्टुडिओत आले आणि म्हणाले, "बालाशेठ, तुम्ही त्याचे भागीदार. जन्म कुठला, शिक्षण किती, गाणी कुठली, असं दीडेक पान द्या." मी म्हटलं, "जन्म आणि शिक्षण शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथून उतरवून घ्या. मी लिहिलं तर त्यालाच लिहीन. आमचं भांडण अर्धं राहिलंय." ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना काय सांगणार? जिवंत असताना तू भांडायला उभा कधी राहिलास? मी तापायचो आणि तू ढोलकीची दोरी आवळत बसायचास.

तर आता ऐक. आता तुला उठून जाता येणार नाही.

पहिली गोष्ट, तू गेल्याचं मला चौथ्या माणसाकडून कळलं. आधी तुझ्या मेव्हण्याला फोन गेला, मग सरपंचांना, मग तू ज्याच्याकडे स्कूटर टाकायचास त्या गॅरेजवाल्याला. गॅरेजवाल्यानं मला विचारलं, "शेठ, निघालात ना?" मी विचारलं, "कुठं?" अठरा वर्षं एका खोलीत माझ्या शेजारी बसलास, आणि तू सकाळी चहाचा कप हातात असताना गेलास हे मला गॅरेजवाल्यानं सांगितलं. वहिनींना मी दोष देत नाही. आपण चार महिने बोलत नव्हतो हे त्यांना माहीत होतं. दोष तुझा आहे. थोडा माझा असेल, पण आधी तुझा.

तेरावं झालं. स्टुडिओ उघडला आहे. तुझं टेबल आहे तसं आहे. भिंतींवर आपण ठोकलेल्या गोधड्या आहेत, त्यातली निळी एक खाली लोंबते आहे, ती तूच लावली होतीस. खिडकीतून पूर्वी मिठागर दिसायचं, आता भराव टाकून केलेला ट्रकांचा तळ दिसतो. मी कामाला बसतो आणि एखादा ठोका पुढेमागे वाटला की अजून डावीकडे मान वळते.

लोकांना वाटतं, आपली जोडी जमली कारण दोघे एका गावचे. एका गावचे शंभरजण आहेत. मी लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचो, तू बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचास. एका हळदीत माझा स्पीकर फाटल्यासारखा वाजत होता आणि तू स्टेजवरून उतरून मला म्हणालास, "बाल्या, तुझा डबा खोकतंय रं." त्या दिवशी मी तुला मारायला धावलो होतो. नंतर तू सांगितलंस तिथली वायर बदलली आणि खोकला थांबला. तेव्हाच मी ओळखलं होतं की या माणसाचा कान आपल्याकडे हवा. माणूस नको, कान हवा, असं मनात म्हटलं होतं. माणूस बरोबर आला.

मग दोन कॉम्प्युटर आले आणि दोन सॉफ्टवेअर. तुझ्याकडे ते चौकटींचं. एक चौकट भरली की एक ठोका. ढोलकी, ताशा, बेंजोचे तुकडे तू त्यात असे भरायचास, अंगणात सुकट पसरावी तसे. चाल सुचायला त्याच्यासारखं दुसरं नाही, असं तुझं म्हणणं. माझ्याकडे मिक्सिंगचं. त्यात लांब पट्ट्या, एकेका पट्टीवर एकेक वाद्य, आणि प्रत्येकाचा आवाज वरखाली करायला एकेक दांडी. गाणं तुझ्याकडे जन्माला यायचं आणि मी त्याला न्हाऊमाखू घालायचो. मधल्या चार हातांच्या अंतरात पेन ड्राइव्ह. तू प्रत्येक वाद्य वेगळं काढून त्यात भरायचास, मी ते माझ्या पट्ट्यांवर मांडायचो.

सांगायला सोपं. पहिल्याच गाण्यात काय झालं ते आठवतं का तुला?

तुझी आये गात होती. आये म्हणजे गावातल्या लग्नांत धवले, लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण. तिनं धवले गायल्याशिवाय आपल्याकडे हळद लागली नाही कधी. मी तिच्या कानात हेडफोन घातला आणि क्लिक चालू केली, म्हणजे ती ताल सोडणार नाही. ती दोन ओळी गायली आणि थांबली. "मधू, यो कोन कानात टकटक करतंय? त्याला भायेर बसव. मी गाते, मग त्याला काय ठोकायचा त्ये ठोकू दे." तू हसत क्लिक बंद केलीस. ती तिच्या चालीनं गायली आणि तू नंतर तिच्याभोवती ठोके भरलेस. मला ते पटलं नव्हतं. ठोका आधी आणि माणूस नंतर, असं माझं. आजही तसंच आहे.

मग तुझे ट्रॅक माझ्या मशीनवर आले. तुझ्या मशीनवर आवाजाचं माप एक आणि माझ्या मशीनवर दुसरं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गाणं पळायला लागलं आणि आयेचा आवाज सोळा वर्षांच्या पोरीसारखा झाला. मी डोक्याला हात लावला. आये मात्र खुर्चीत पुढे सरकली. "मी येवढी तरनी कवा झाले रं, बाल्या?" मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच. लग्नाआधी मी अशीच गायची."

माप जुळवलं तर दुसरीच भानगड. तुझं सॉफ्टवेअर ट्रॅक बाहेर काढताना सुरुवातीची शांतता खाऊन टाकायचं. ताशा चाळिसाव्या सेकंदाला येणार असेल, तरी त्याची फाइल ताशापासूनच सुरू व्हायची. माझ्याकडे सगळी वाद्यं एकाच रेषेवर येऊन बसली, जेवणाची पंगत मांडल्यासारखी. मी ती अंदाजानं मागेपुढे सरकवली, आणि खरं कारण कळेपर्यंत गाणं हळदीत वाजून गेलं होतं. कोरस चार ठोके आधी, बेंजो कोरसच्या डोक्यावर. मांडवात लोक नाचत होते आणि मी स्पीकरच्या मागे उभा राहून तुला शिव्या देत होतो. तू म्हणालास, "नाचतान ना? मंग?"

मी हेडफोन भिंतीवर मारला. दुसऱ्या दिवशी त्याला तू काळी पट्टी गुंडाळून आणलास. तीच अजून आहे.

मी सांगितलं, सगळे ट्रॅक शून्यापासून दे. जगात सगळे तसेच देतात. वाद्य कधीही वाजो, फाइल शून्यापासून सुरू झाली पाहिजे, मग मला फक्त ओळीनं मांडायचं. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं तेवढ्यासाठी. तू ते बटण दाबलं नाहीस. त्याऐवजी माइक ओढलास, गाण्याच्या चालीनं मोजलंस, "एक... दोन... तीन... ये बाल्या," आणि ते मोजणं सगळ्या ट्रॅकच्या डोक्याला चिकटवून दिलंस, मध्ये हवी तेवढी शांतता ठेवून. म्हणालास, "आता तुझा तू जुलव. जिथं मी बोलवतंय तिथं सगल्यांना उभा कर."

"बटण दाबायला काय होतं तुला?"

"शून्यापासून काय चालू होते रं, बाल्या? कोनीतरी हाक मारावी लागते."

अठरा वर्षं. प्रत्येक गाणं, प्रत्येक ट्रॅक. माझं पहिलं काम म्हणजे तुझं मोजणं एकाखाली एक लावायचं आणि दुसरं काम म्हणजे ते कापून टाकायचं. ढोलकीवरून काप, ताशावरून काप, कोरसवरून काप. कधी तू चिडवायला "ये शेठ" म्हणायचास, कधी आदल्या दिवशी भांडण झालेलं असेल तर नुसतं "ये." मी कापायचो. कुणी पाहुणा गायक बसलेला असला की मला लाज वाटायची, ही काय गावठी पद्धत म्हणून.

तुझा हट्ट हट्ट नव्हता आणि माझाच राग राग होता, असं लोक म्हणतात. खोटं आहे ते. मी तुला किती वेळा सांगितलं, दोन सॉफ्टवेअर कशाला, एकात सगळं होतं. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही चौकटी आहेत. तू म्हणायचास, "आमची आये भात चुलीवं करते आन कालवन शेगडीवं. ताटात येकच जेवन हाय." मग मी एकदा दोन्ही सॉफ्टवेअर एकाच मशीनवर, एकाच घड्याळावर जोडून बघितली. तुझं सुरू झालं की माझंही सुरू व्हायला हवं, असं. सकाळी अकरा ते दुपारी चार तेच चाललं होतं. मशीनचा पंखा बोटीच्या इंजिनासारखा वाजायला लागला, तुझ्या चौकटी पुढे गेल्या, माझ्या पट्ट्या जागेवर उभ्या. मी स्क्रीनवर ओरडत होतो. तू शांतपणे पेन ड्राइव्ह पुढे केलास. "घे. हात लांब कर."

आणि तू मला कुठंकुठं बुडवलंस तेही लिहितो, म्हणजे पुस्तिका वाचणारे तुला देव करणार नाहीत. मांडव्याहून लाँचनं आपण मुंबईला जुनं सामान घ्यायला जायचो. मी दुकानदाराला घोळात घ्यायचो, हे जुनं आहे, हे कुणी विचारत नाही, याचं बटण लागत नाही. आणि तू मागून त्याच मिक्सरवर हात फिरवत म्हणायचास, "काय आवाज हाय याचा." दुकानदार लगेच ताठ. तिसऱ्या वेळी मी तुला बाहेर उसाच्या रसाच्या गाडीशी उभं केलं आणि सांगितलं, मी बोलवल्याशिवाय आत यायचं नाही. येताना लाँचवर तू विचारलंस, "तू पयला भाव सांगतोस तो कधी खरा नसते ना?" मी म्हटलं, "पहिला भाव हा भाव नसतो. ते नुसतं दार वाजवणं असतं. समोरच्यानं दुसरा सांगायचा, मग आपण तिसरा. जो दुसरा सांगत नाही तो गिऱ्हाईक नाही."

तू ते ऐकलं होतंस. मान हलवली होतीस. हे मी पुन्हा सांगतोय, कारण माझी सगळी तक्रार इथं आहे.

दिवाळीनंतर तू आलास ती फाइल घेऊन. मी अलिबागला कचेरीत गेलो होतो तेव्हा एका दुपारी तू आयेला बसवून तिच्याकडून काहीतरी गाऊन घेतलं होतंस. पुढे आये वारली तरी मला त्याचा पत्ता नव्हता. तू ते लावलंस. मिठागरात बायका टोपल्या वाहताना गायच्या ते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मिठाची टोपली, बांधावरून राशीपर्यंत. भरलेली टोपली असताना चाल जड, एकेक शब्द पाय रोवून. रास आली की टोपली उपडी, तेवढं थांबणं. आणि रिकाम्या टोपलीनं परतताना चाल दुप्पट, हसण्याखिदळण्याची. आयेनं एकटीनं दोन्ही गायलं होतं. परतताना तिचा श्वासही हलका वाटत होता, आणि ती तर खुर्चीत बसलेली होती.

"बाल्या, यो गाना करू. ठोके तिच्या पावलांनी भरतंय मी. तुझ्या पट्ट्यांवं त्ये बसवायला येल लागल, चाल बदलते दर फेरीला. मना स्टुडिओ सहा दिस पायजे."

मी काय म्हटलं ते मला पाठ आहे. "मिठाचं गाणं कोण लावणार? हळदीला लागतं का ते? मीठ विकत घेताना लोक कुरकुर करतात, ऐकायला कोण बसेल?"

"मी बसन."

"लग्नसराई तोंडावर आहे. दोन दिवस."

तू माझ्याकडे बघितलंस. मी दार वाजवलं होतं, मधू. तू पाच म्हणायचं होतंस, मी तीन म्हटलं असतं, चारवर आलो असतो, आणि चारचे सहा आपोआप झाले असते, आपल्याकडे कधी कुठलं काम वेळेत झालंय? तू पेन ड्राइव्ह काढलास. "बरा हाय, शेठ," म्हणालास. "बाल्या" नाही. आणि ढोलकी घेऊन गेलास.

मी का तसं बोललो तेही लिहितो, कुणाला सांगितलेलं नाही. ती चाल मला येते. माझी आईही तुझ्या आयेच्या मागे त्याच रांगेत असायची. तिच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं आणि संध्याकाळी ती पाय पाण्यात घालून बसायची तेव्हा आम्ही पोरं घराबाहेर जायचो, कारण ती तेव्हा जो आवाज काढायची तो ऐकवत नसे. मी स्पीकर घेतले ते तो आवाज झाकायला, असं मला कधी कधी वाटतं. तू ते गाणं लावलंस आणि मला तेवढंच ऐकू आलं. तुला मात्र त्यात रिकाम्या टोपलीची, परतीची चाल ऐकू येत होती.

पंधरा दिवसांनी कळलं, तू गाणं पनवेलकडच्या एका मोठ्या स्टुडिओत नेलंस. भागीदार असताना. मी फोन केला नाही. तू केला नाहीस. रस्त्यात एकदा समोरासमोर आलो. तू स्कूटर हळू केलीस, मी शेजारून जाणाऱ्या ट्रककडे बघितलं. हे मात्र मी केलं. हे तुझ्या खात्यावर टाकत नाही.

आणि मग गॅरेजवाला.

तेराव्यानंतर चार दिवसांनी वहिनी स्टुडिओत आल्या. पदराखाली तुझी हार्ड डिस्क. माझ्या खुर्चीत बसल्या नाहीत, तुझ्याही नाही. उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ही ठेवा. घरात याचा कोनाला काय कलतंय?"

मी म्हटलं, "वहिनी, माझ्याकडे का? तो तर पनवेलला गेला होता."

"गेलते. त्या लोकांनी सांगितला, आमाला असा नको, तसा द्या. मंग हे आठ दिस बसले त्याच्यावं. दिला. मंग ते बोलले, बगू. मंग बोललेच नाय." डिस्क माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तुमी दोन दिस बोललात, त्ये घरी आले त्या दिवशी सांगितला मना. मी बोलले, अवो, भाऊजींचा दोन म्हंजे चार. परत जावा, बोला."

"मग?"

"बोलले, आयेच्या गान्याचा भाव मना करायचा नाय."

त्या निघाल्या. दारात थांबून त्यांनी लोंबणारी निळी गोधडी वर खोचली, ती पुन्हा खाली आली, आणि त्या गेल्या.

मी डिस्क लावली. 'मिठागर' नावाचा फोल्डर. उघडला, मधू, आणि एकेक फाइल तपासली. सगळे ट्रॅक एका मापाचे. सगळ्यांना क्रमांक आणि नाव, ढोलकी, आये, कोरस, पाणी. कुठंही इको चिकटवलेला नाही, कोरडे. आणि सगळे शून्यापासून. जसे मी अठरा वर्षं मागत होतो तसे, एक केस इकडेतिकडे नाही. मी ते माझ्या पट्ट्यांवर टाकले आणि ते खटकन बसले. पंधरा सेकंद लागले.

मला आधी संताप आला. परक्या माणसांनी एकदा सांगितलं आणि तू आठ दिवसांत शिकलास. ते बटण तुला सापडलं. मी घसा फोडून सांगत होतो तर तुला चूल आणि शेगडी सुचत होती. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीला लाथ घातली. ती भिंतीला लागून परत आली, चाकांची खुर्ची ती.

मग मी प्ले दाबलं. सुरुवातीला पाणी, बांधाला लागणारं. मग आये. मी थांबवलं. पुन्हा सुरुवातीला नेलं. ढोलकी एकटी लावली, कोरस एकटा लावला. एकेक ट्रॅक ऐकला. कुठंच काही नव्हतं. शून्य, आणि लगेच गाणं. कुणी मोजलं नाही, कुणी कुणाला बोलावलं नाही. त्यांना तू शून्यापासून दिलंस. ते आले नाहीत.

तुला एक सांगायचं राहिलं होतं, कारण तू माझ्या टेबलाशी कधी नीट बसलाच नाहीस. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कापलेलं जात नाही. ते फक्त झाकलं जातं. पट्टीची डावी कड धरून मागे ओढली की होतं ते परत दिसतं. मी आपलं जुनं एक हळदीचं गाणं उघडलं, ढोलकीची कड धरली आणि ओढली. "एक... दोन... तीन... ये बाल्या." मागे पंखा वाजतोय, आणि तुझ्या आवाजाआधी तू घसा साफ केलेला. दुसरं गाणं उघडलं. "ये शेठ." तिसरं. "ये." त्या आदल्या दिवशी काय भांडण झालं होतं ते मी आठवत बसलो, आठवलं नाही. दुपारचं जेवण राहिलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका गाण्यात तू "तीन" म्हणून थांबला आहेस, मागे आये काहीतरी विचारते, तू "हो गो, पितंय" म्हणतोस, आणि मग "ये बाल्या." तेही मी कापलं होतं, गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून.

मग मी मिठाचं गाणं करायला बसलो. लग्नसराई चालू आहे, लोकांचे फोन येतात, मी उचलत नाही. क्लिक लावली नाही. सुरुवात जुळली होती, पण दर फेरीला चाल बदलते, म्हणून पुढचा एकेक ठोका आयेच्या पावलाशी हातानं लावला. जड फेरी करताना मला मधेच उठून बाहेर जावं लागलं, दोनदा. माझ्या आईचं नाव त्यात नाही, पण ती त्या रांगेत आहे.

गाण्याच्या डोक्याला मी तुझं एक मोजणं आणून लावलं. बसलं नाही. हळदीची चाल ती, भरल्या टोपलीला फार घाईची. मी ताणून बघितलं, तर तुझा आवाज आजाऱ्यासारखा झाला. पुसलं. मग मी स्वतः माइकसमोर उभा राहिलो आणि मोजलं. एक, दोन, तीन. पुढं काही म्हणता आलं नाही, तर तेवढीच जागा मोकळी सोडली.

मात्र टोपली राशीवर उपडी होते ना, आणि आये थांबते, तिथं मी तुझं तेच मोजणं ठेवून बघितलं. ताणावं लागलं नाही, दाबावं लागलं नाही. बसलं. रिकाम्या टोपलीच्या चालीला तू बरोबर आहेस. तू मोजतोस, बोलावतोस, आणि बायका परत फिरतात. ते मी कापणार नाही. कुणी गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी.

काल वहिनींना फोन करून सांगितलं, गाणं झालं. त्यांनी विचारलं, किती दिस लागले.

सहा, मधू. मोजून सहा. आयेच्या गाण्याचा भाव तुला करायचा नव्हता, कळलं मला. पण मला बोलायला दुसरी भाषा कुठली येते? आणि माझी भाषा तुला येत होती, मांडव्याच्या लाँचवर मीच शिकवली होती. तू फक्त पाच म्हणायचं होतंस.